व्यवसाय : घरी असते

नातवाच्या शाळाप्रवेशाचा फॉर्म भरायला आम्ही तिघं गेलो होतो. नातू, त्याची आई आणि मी. हल्ली प्रवेश पोराला हवा असला तरी परीक्षा सगळ्या खानदानाची असते, म्हणून मी ठेवणीतली साडी नेसले होते आणि पेन्शनचं पुस्तकसुद्धा पर्समध्ये ठेवलं होतं. न जाणो, आजीचा दाखला मागितला तर!

खिडकीपलीकडच्या बाईंनी फॉर्मवरून नजर फिरवली. वडिलांच्या व्यवसायापुढे जावयाने स्वतःचं पद इतकं लांबलचक लिहिलं होतं की ते रकान्यातून बाहेर पडून समासात जाऊन बसलं होतं. त्याखालचा रकाना मात्र कोरा होता.

"आईचा व्यवसाय?" बाईंनी विचारलं.

"घरी असते," लेक म्हणाली.

"म्हणजे काही नाही," असं पुटपुटत बाईंनी तिथे एक आडवी रेघ मारली.

आता एवढ्याशा रेघेने एवढं चिडायचं काही कारण नव्हतं. पण मी खिडकीत डोकं घातलं आणि म्हणाले, "अहो, काही नाही कसं? ही सकाळी साडेपाचला उठते. तुमचं ऑफिस किती वाजता उघडतं?" मागच्या रांगेतले लोक पुढे सरकले. फुकटचं नाटक कोण सोडतो? लेकीने माझा पदर ओढून मला बाहेर आणलं. नातू तेवढा खूश होता. आजीला कुणीतरी वर्गाबाहेर काढतंय हे दृश्य त्याला शाळेबद्दल आशा वाटावी असंच होतं.

रिक्षात बसल्यावर लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, तू भांडलीस? तू? दोन वर्षांपूर्वी मी नोकरी सोडली तेव्हा तू काय म्हणाली होतीस, आठवतंय?"

मला चांगलं आठवत होतं. "एवढं शिकून घरी बसणार? म्हणजे मग करणार काय?" असं मी म्हणाले होते, आणि वर आठ दिवस फोन केला नव्हता. म्हणजे पहिली आडवी रेघ मीच मारली होती. खिडकीतल्या बाईंनी फक्त ती ठळक केली.

माझी बाजूही सांगते. १९७८ साली मी बँकेत लागले आणि २०१६ साली निवृत्त झाले. मधली अडतीस वर्षं मी सकाळी पोळ्या करून, डबे भरून, पळत जाऊन लोकल पकडली, आणि एका हातात वरची कडी धरून दुसऱ्या हाताने गवारीच्या शेंगा मोडल्या. 'मुलगी झाली हो' हे नाटक १९८३ साली आलं, तेव्हा ते पाहून घरी येऊन आमच्या ह्यांना चहा करायला लावणारी मी बाई. (चहा अतिशय वाईट झाला होता. चळवळीसाठी मी तो प्यायले.) असल्या आईच्या पोटी आलेल्या मुलीने आपण होऊन घरी बसावं म्हणजे पहिलवानाच्या पोराने आखाड्याच्या दारात रांगोळ्या काढाव्यात तसं मला वाटलं.

पण त्या रेघेने माझी झोप उडवली. 'घरी असते म्हणजे काही नाही' हे नक्की ठरवलं कुणी? निवृत्त माणसाला वेळ असतो आणि ग्रंथालयाची वर्गणी भरलेली असते. मी वाचायला बसले.

तर ह्या रेघेलाही इतिहास आहे. इंग्लंडात १८५१ सालची शिरगणती झाली तेव्हा घर चालवणाऱ्या बायकांना, आयांना कामाच्या यादीत मानाने जागा दिली होती. त्यांचा एक वेगळा वर्गच केला होता. पुढे १८८१ साल उजाडलं आणि त्याच बायकांची रवानगी 'बिनव्यवसाय' ह्या वर्गात झाली. मधल्या तीस वर्षांत इंग्लंडातल्या बायकांनी स्वैपाक सोडला होता, की पोरं आपली आपण वाढायला लागली होती? तसं काही नाही. कामं तीच होती, चुली त्याच होत्या. बदलली ती मोजणाऱ्यांची नजर. ज्याचे पैसे मिळतात ते काम आणि ज्याचे मिळत नाहीत ती माया, असा हिशेब रूढ झाला. मायेला रकाना नसतो.

गंमत अशी की ही रेघ तिकडे १८८१ साली मारली गेली, आणि १८८२ साली इकडे बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिलं. ताराबाईंना लंडनच्या शिरगणतीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा सवाल घरचाच होता. जे दोष बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय? आपल्याकडे भांडण रकान्याचं नव्हतंच, उंबऱ्याचं होतं. सावित्रीबाई १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवायला निघाल्या, तेव्हा लोकांनी त्यांच्या अंगावर शेण आणि दगड फेकले. १८८४ साली पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, तर टिळकांच्या 'मराठा'ने शाळेच्या अकरा ते पाच ह्या वेळेवरच आक्षेप घेतला. मुली दिवसभर शाळेत बसल्या तर घरकामाचं काय? बघा, म्हणजे घरात काम असतं हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं! मुलगी शाळेत निघाली की घरात डोंगराएवढं काम असायचं, आणि तीच शिरगणतीच्या कारकुनापुढे उभी राहिली की काही नसायचं.

१९१६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं. त्याच्या अभ्यासक्रमात गृहव्यवस्थेला मानाचं पान होतं. बाहेर पडा, पण पडताना घर बरोबर घेऊन पडा! हसू येतं खरं, पण त्या काळी मुलीला दाराबाहेर काढायचं तर बापाला काहीतरी तारण द्यावंच लागे. मी बँकेतली. तारणाशिवाय कर्ज मिळत नाही हे मला कुणी सांगायला नको.

वाचता वाचता आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि मी जरा वरमले. 'घरी बसणारी बाई' ही पुरातन काळापासून चालत आलेली संस्था आहे अशी माझी समजूत होती. ती तशी नाहीच. शेतावर राबणाऱ्या कुळंबिणीला घरी बसणं कधी माहीत होतं? आणि तिचा नवरा तरी कुठे 'बाहेर' जात होता? घर आणि काम एकाच अंगणात होतं. मग पुरुष डबा घेऊन कचेरीत जाऊ लागला, महिन्याच्या महिन्याला पगार घेऊन येऊ लागला, तेव्हा मागे राहिली ती 'घरी बसणारी' झाली. ती पुराणातून आलेली नाही, पगारपत्रकातून आलेली आहे.

आणि तीही पांढरपेशांतच. मुंबईच्या गिरण्यांत सूत गुंडाळायच्या खात्यांत हजारो बायका उभ्या असायच्या. 'स्त्रीने घराबाहेर पडावे काय?' ह्या विषयावर आमच्या आज्यांच्या काळात वक्तृत्वस्पर्धा होत होत्या, तेव्हा ह्या बायका बाहेर पडून, पाळी करून, परत येऊन भाकरी थापत होत्या. बाळंतपण आलं की मजुरी बुडायची. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतीच्या भत्त्याचं विधेयक आलं. त्याच्या बाजूने डॉ. आंबेडकर बोलले. १९२९ साली कायदा झाला. आज आमच्यासारख्या बाळंतपणाच्या पगारी रजा घेतो त्याची सुरुवात गिरणीतल्या बायकांपासून आहे. बाळाजवळ चार दिवस घरी राहता यावं म्हणून भांडावं लागलं, आणि ती मागणीसुद्धा बायकांच्या हक्काचीच होती! माझ्या डोक्यात मात्र हक्क म्हटला की तो नेहमी घरातून बाहेर जाणाऱ्या लोकलमध्ये बसलेला असायचा. परतीच्या गाडीत त्याला मी कधी पाहिलाच नव्हता.

माझी आईही 'घरी असते' ह्या वर्गातली. १९७२-७३च्या सुमाराला मुंबईत महागाईविरुद्ध बायकांचे मोर्चे निघाले. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर पुढे आणि मागे हजारो बायका, हातात लाटणी आणि थाळ्या. आई निघाली, आणि मलाही घेऊन गेली. मी तेव्हा सोळा वर्षांची, मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. ओळखीच्या कुणी पाहिलं तर? आईने मात्र घरातलं सगळ्यात जाड लाटणं निवडून घेतलं होतं. 'काही नाही' करणाऱ्या बायकांनी सरकारला घाम फोडला, कारण तेलाचा आणि साखरेचा भाव मंत्र्यांपेक्षा त्यांना जास्त पाठ होता. त्या रात्री आईने त्याच लाटण्याने पोळ्या केल्या. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तू नोकरी कर हो. नोकरी सोडू नकोस. मला मोर्चाला यायचं तर बसच्या तिकिटाचे पैसे ह्यांच्याकडे मागावे लागले."

हे वाक्य मी अडतीस वर्षं पदराच्या गाठीला बांधून वागवलं.

लेक १९८५ साली झाली. तीन महिन्यांची रजा संपली आणि मी तिला शेजारच्या चाळीतल्या काकूंच्या पाळणाघरात ठेवायला लागले. महिना दीडशे रुपये. काकूंच्या दोन खोल्यांत सात पोरं, आणि आठवा त्यांचा स्वतःचा. एके दिवशी संध्याकाळी मी न्यायला गेले तर लेक काकूंच्या मांडीवर बसून त्यांना 'आई' म्हणत होती. मला पाहून तिने मान फिरवली. मी हसले. काकूही हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, पोरं काय, कुणालाही म्हणतात." त्यांनी ते माझं मन राखायला म्हटलं, हे मला कळलं. रात्री मी ह्यांना म्हटलं, "आज हिने काकूंना आई म्हटलं." हे म्हणाले, "आणि मला परवा दूधवाला म्हणाली!" मग आम्ही दोघंही खूप हसलो. नंतर मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं.

ह्या काकूंचं कोडं इंग्लंडातल्या पिगू नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालीच घालून ठेवलं आहे. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी स्वैपाकिणीशी लग्न केलं तर देशाचं उत्पन्न घटतं, असं तो म्हणतो. स्वैपाक तोच, हात तेच, पण पगार बंद झाला की हिशेबातून गायब! आमच्या काकूंचंही तसंच. त्या माझी मुलगी सांभाळत तेव्हा त्या कामकरी होत्या. त्याच खोलीत, त्याच वेळी, स्वतःच्या पोराला भात भरवत तेव्हा रिकाम्या होत्या. एकाच ताटलीतला एक घास राष्ट्रीय उत्पन्नात जमा आणि दुसरा नुसताच पोटात! आणि माझी सगळी मुक्ती त्या दीडशे रुपयांच्या मांडीवर बसलेली होती. हे मी कुठल्याही सभेत बोलले नव्हते.

लेकीशी झालेलं भांडणही आमचं स्वतःचं नव्हतं असं पुढे वाचनात आलं. ते १९७५ सालीच होऊन गेलं होतं. एका बाजूला फ्रान्सच्या सिमोन द बोव्हार आणि दुसऱ्या बाजूला अमेरिकेच्या बेट्टी फ्रीडन. अमेरिकेतल्या एका नियतकालिकात दोघींचा संवाद छापून आला. सिमोनबाईंचं म्हणणं असं की पोरं वाढवायला घरी राहण्याची मुभा बाईला असूच नये, कारण मुभा दिली की फार बायका तीच घेतील. बेट्टीबाईंना हे मुळीच पटलं नाही. त्यांचं म्हणणं, बाईला निवड हवी. आता ह्या बेट्टीबाईंनीच १९६३ साली गृहिणीच्या घुसमटीवर पुस्तक लिहून अमेरिकेतल्या घराघरांत भांडणं लावली होती, बरं का! पण घुसमट वेगळी आणि निवड वेगळी, हे त्यांना ठाऊक होतं.

मी लेकीला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे तू सिमोन आणि मी बेट्टी."

आमचे हे पेपराआडून म्हणाले, "आणि मी?"

"तुम्ही चहा ठेवा," आम्ही दोघी एकदम म्हणालो. दोन वर्षांनी आमचं कशावर तरी एकमत झालं.

त्याच १९७५ साली, २४ ऑक्टोबरला, आइसलंडच्या बायकांनी एक दिवसाची सुट्टी घेतली. संप नव्हे, सुट्टी. सुमारे नव्वद टक्के बायकांनी त्या दिवशी ना कचेरीत काम केलं, ना घरात. बापांनी पोरं कामावर नेली. दुकानांतली सॉसेज संपली, कारण देशभरच्या बापांना तेवढंच शिजवता येत होतं! पुढच्या वर्षी तिथे समानतेचा कायदा झाला, आणि १९८० साली एका बाईंना लोकांनी राष्ट्राध्यक्ष निवडलं. मला त्या सुट्टीतलं आवडलं ते हे की त्यात नोकरीवाली आणि घरवाली अशी पंगत वेगळी मांडली नव्हती. बँकेतलीही उठली आणि चुलीपुढचीही उठली. आम्ही मात्र इकडे 'तुमचं बाई बरं, घरीच असता' आणि 'तुमचं बाई बरं, पगार आहे' असे टोमणे मारण्यात जिन्यांचे जिने झिजवले.

आपल्याकडे गृहिणीच्या कामाची किंमत कोर्टात झाली, आणि तीही ती बाई गेल्यावर. १९८९ साली जमशेदपूरला एका समारंभात मोठी आग लागली. तीत गेलेल्या गृहिणींच्या भरपाईचा निकाल २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. घरकामाची किंमत धरली महिन्याला ३,००० रुपये. २०१० सालच्या एका निकालात त्याच न्यायालयाने सरकारचे कानही उपटले. २००१च्या जनगणनेत सुमारे ३६ कोटी बायकांना काम न करणाऱ्यांत घातलं होतं, आणि त्याच यादीत भिकारी आणि कैदीही होते! लेकीच्या फॉर्मवरच्या आडव्या रेघेत एवढी गर्दी आहे हे खिडकीतल्या बाईंना तरी कुठे ठाऊक? सरकारनेच २०२४ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली, तर घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात आणि पुरुषाची ८८, असं निघालं. ८८ हा आकडा आमच्या ह्यांना वाचून दाखवला तर ते म्हणाले, "एवढी? कोण रे हे लोक?"

इतकं सगळं वाचून मी लेकीकडे गेले. क्षमा मागायची होती. पण आईने लेकीची क्षमा मागायची रीत आपल्याकडे नसल्यामुळे मी बरोबर डिंकाचे लाडू नेले. ती काय समजायचं ते समजली. मग मी म्हटलं, "अगं, तुझी निवड मला मान्य. फक्त एक सांग. दोघांपैकी घरी कोण राहणार, ह्यावर तुमची चर्चा किती दिवस चालली?"

लेक लाडू खाता खाता थांबली. जावयाकडे पाहिलं. जावयाने पंख्याकडे पाहिलं.

"चाललीच नाही," लेक म्हणाली. "तो प्रश्न... तसा आलाच नाही."

"मग निवड कुणी केली?" मी विचारलं.

घरात असं शांत झालं की नातूसुद्धा मोटार चालवायचा थांबला. माझा काही आवाज चढला नव्हता. मी ते स्वतःलाच विचारल्यासारखं विचारलं होतं, कारण माझ्याही घरी तो प्रश्न कधी आला नव्हता. काकूंच्या पाळणाघरात पोर ठेवायचं की नाही ह्यावर मीच रात्र रात्र जागले होते. हे घोरत होते. वाईट माणूस म्हणून नव्हे. त्यांना कुणी प्रश्नच विचारला नव्हता, तर ते जागे कशाला राहतील?

मग बऱ्याच वेळाने लेक म्हणाली, "प्रश्न आला असता तरी मी हेच ठरवलं असतं, आई. मला आवडतं त्याच्याजवळ राहायला. तुला खोटं वाटेल, पण आवडतं." माझ्या डोळ्यांपुढे काकूंची मांडी आली. मी म्हटलं, "नाही गं. खोटं नाही वाटत."

पण आजीचे पैसे मागतानाचे ओशाळे डोळे मी नातीकडून वारशाने चालू देणार नव्हते... म्हणजे माझ्या आईचे डोळे, माझ्या लेकीकडे. अडतीस वर्षं मी दुनियेची खाती उघडली होती. तिथल्या तिथे कागद घेतला. दर महिन्याला लेकीच्या नावाने पीपीएफमध्ये एवढे. घराच्या कागदांवर दोघांची नावं. ती परत नोकरी शोधायला लागेल त्या वर्षी जावयाने आपली पळापळ कमी करायची, हे लेखी. जावई म्हणाला, "आई, म्हणजे हिला पगारच द्यायचा म्हणा ना!"

"पगार नको रे बाबा," मी म्हटलं. "पगार म्हटला की रजा आली, ओव्हरटाइम आला, बोनस आला. तुला परवडायचं नाही."

त्याने मुकाट्याने सही केली. आणि दर रविवारी नातू बापाकडे, असं एक कलम लेकीने स्वतःच्या हाताने घातलं. पहिल्या रविवारी त्या घरात काय शिजलं ते मी विचारलं नाही. नातू सोमवारी मला फोनवर म्हणाला, "आजी, आपण मॅगी दोनदा खाल्ली." आइसलंड काही फार लांब नाही म्हणायचं.

महाराष्ट्र सरकारने २०२४ साली कागदपत्रांवर मुलाच्या नावाबरोबर आईचंही नाव लावायचं ठरवलं. चांगलं झालं. आईचं नाव आलं. आता आईचं काम यायचं राहिलं आहे.

शाळेचं काय झालं म्हणाल, तर नातवाला प्रवेश मिळाला. आजी भांडूनसुद्धा मिळाला, की आजी भांडली म्हणूनच मिळाला, ह्यावर घरात दोन मतं आहेत. शाळेने पुन्हा एक फॉर्म पाठवला, ह्यात एक जास्तीचा रकाना होता. 'शाळा सुटल्यावर मुलाला न्यायला कोण येईल?' जावयाने माझं नाव लिहिलं. पुढे नातं : आजी. पुढे व्यवसाय.

जावयाने विचारलं, "आई, निवृत्त लिहू ना?"

मी घड्याळाकडे पाहिलं. पोराची शाळा सुटायची वेळ होत आली होती, पोळ्या लाटायच्या होत्या, भाजी निवडायची होती, आणि आमचे हे चहाची वाट बघत होते.

"कोण निवृत्त?" मी म्हटलं. "रेघ मार तिथे."